रसाळगड ते सुमारगड: रानात घालवलेले अडीच तास आणि जाणाऱ्यांसाठी काही

सुमारगडावर जाऊन आलो म्हटलं की डोंगर भटकणारी माणसं एकच प्रश्न विचारतात, ‘वाट सापडली का?’ वर काय आहे, हे कुणी विचारत नाही. आम्हाला वाट आधी सापडली नाही, मग नको तितक्या सापडल्या आणि शेवटी सत्तरीच्या एका बाबांनी आम्हाला वर नेऊन सोडलं. जाऊन आल्यावर दोन-तीन मित्रांनी सगळं तपशिलात लिहून मागितलं, म्हणून हा खटाटोप.

आधी भूगोल. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात सह्याद्रीच्या मुख्य भिंतीला समांतर अशी एक डोंगररांग आहे. भिंत आणि रांग यांच्या मधे जगबुडी नदीचं खोरं. रांगेच्या दक्षिण टोकाला रसाळगड, उत्तरेला महिपतगड आणि दोघांच्या मधोमध सुमारगड. समोर घाटमाथ्यावर जावळीचा मुलूख. त्या बाजूने हातलोट घाट उतरला की बिरमणी गाव लागतं, म्हणजे माणूस थेट या खोऱ्यात येतो. इथे तीन गड का बांधले ते तिथे उभं राहिलं की आपोआप कळतं. रसाळगडाला तोफा आहेत, झोलाईचं देऊळ आहे आणि आता गाडी रसाळवाडीच्या जवळपास जाते. महिपतगडाला सव्वाशे एकरांच्या आसपासचं पठार आणि सहा दरवाजे. सुमारगडाच्या वाट्याला रान आलंय. नाव सुमार असलं तरी तिन्हींत दम तोच सर्वांत जास्त काढतो, आणि तेही उंचीमुळे नाही.

आम्ही तिघं होतो. मी, माझा ऑफिसातला एक मित्र आणि वनस्पतीशास्त्र शिकणारी माझी भाची. जानेवारीचा पहिला आठवडा. शुक्रवारी रात्री दादरहून तुतारी एक्सप्रेस पकडली आणि पहाटेच्या अंधारात खेडला उतरलो. रात्रीच्या गाडीने येणार असाल तर तिघांपैकी एकाने तरी अलार्म लावा. खेड मागे पडलं की चिपळूण, आणि मग अख्खी सकाळ उलट्या प्रवासात जाते. जीप आधीच सांगून ठेवली होती. एसटीच्या भरवशावरही येता येतं, पण पहिली गाडी लागेपर्यंत स्टेशनवर थांबावं लागतं आणि जानेवारीत सव्वासहाला सूर्य बुडतो. सकाळी वाया गेलेला तास संध्याकाळी रानात अंधार होऊन परत भेटतो. आमचं तेच झालं, फक्त आम्ही तो तास एसटीत न घालवता तोफांत घालवला.

रसाळगडाचं वर्णन फार करत नाही, त्यावर पुष्कळ लिहिलेलं आहे. दरवाजे, मारुती, झोलाईच्या देवळाचा सभामंडप, धान्याचं कोठार आणि गडभर विखुरलेल्या तोफा. भाचीने तोफा मोजायला घेतल्या, मित्राचा आकडा तिच्याशी जुळेना, म्हणून दोघांनी पुन्हा मोजल्या. मी देवळाच्या पायरीवर बसून चहा पीत होतो आणि घड्याळाकडे बघत नव्हतो. सात वाजता निघायचं ठरलं होतं, निघालो साडेआठला. सुमारगड एका दिवसात करून पलीकडे उतरायचं असेल तर रसाळगड आदल्या दिवशी बघा, देवळात मुक्काम करा आणि उजाडताच चालायला लागा. देवळात झोपायचं तर आधी गावात विचारा, देवीचा काही कार्यक्रम आहे का ते कळतं.

रसाळगड सोडल्यावर पहिला टप्पा सुखाचा आहे. डोंगराच्या धारेवरून मोकळी वाट, उजवीकडे जगबुडीचं खोरं, पलीकडे सह्याद्रीची भिंत आणि तिच्यावर मकरंदगडाचं खोगीर. इंग्रजांनी त्याला नावही घोड्याच्या खोगिरावरूनच दिलं होतं. ऊन कोवळं होतं, गवत पिवळं झालं होतं आणि मित्राच्या फोनात ट्रॅक होता. पाच वर्षांपूर्वी कुणीतरी चालून रेकॉर्ड केलेली ती निळी रेघ आणि आमचा ठिपका इथे एकमेकांवर तंतोतंत बसत होते. मित्राला त्याचं फार कौतुक होतं.

साडेदहाच्या सुमाराला धनगरवाडा आला. दोन-तीन घरं, कुडाच्या भिंती शेणाने सारवलेल्या, गोठा, अंगणात वाळत घातलेली मिरची. घरात फक्त एक आजी होत्या. वाट दाखवायला कुणी मिळेल का विचारलं तर म्हणाल्या, “बाबा म्हशी घेऊन गेल्यात. बसा, च्या टाकते. दुपारपतूर येतील.”

दुपारपर्यंत थांबणं आम्हाला परवडणारं नव्हतं, निदान आम्हाला तसं वाटलं. मित्राने फोन पुढे केला, “आजी, यात वाट आहे.” आजींनी पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “आमची वाट तुमच्या मोबाईलात गेली व्हय? मग आमालाबी दावा, आमालाच गावंना आताशा.”

आम्ही हसलो, पाणी भरून घेतलं आणि निघालो. इथेच चूक झाली. या वाड्यावर थांबणं हा त्या दिवसातला सर्वांत स्वस्त सौदा होता आणि तो आम्ही सोडून दिला.

वाड्यापुढे रान सुरू होतं. आधी ऐन, किंजळ, जांभूळ, मधेच अंजनीची गच्च सावली. त्यानंतर कारवी. कारवी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. माणसाच्या उंचीहून वर गेलेल्या, बोटभर जाडीच्या सरळ काड्या, एकीला लागून दुसरी. सात वर्षांनी एकदा फुलते आणि मरते, एवढं आपल्याला पुस्तकातून माहीत असतं. रानात ती हात-दीड हात अंतराच्या पलीकडचं काही दिसू देत नाही. पुढचा माणूस चार पावलं गेला की फक्त त्याच्या सॅकचा खसखस आवाज ऐकू येतो. काड्या बाजूला सारून तुम्ही पुढे जाता आणि त्या मागे पुन्हा मिटतात. मागे वळून बघितलं तर आपण आलो कुठून तेच कळत नाही.

लोक म्हणतात सुमारगडाला वाट नाही. माझ्या मते अडचण उलटी आहे, वाटा फार आहेत. म्हशींची वाट, शिकेकाई आणायला जाणाऱ्यांची वाट, पाण्याला जाणाऱ्या गव्यांची वाट. पहिल्या शंभर पावलांत सगळ्या सारख्याच मळलेल्या दिसतात. फरक नंतर कळतो. माणसाची वाट कुठेतरी जाते, ढोरवाट चांगल्या चाऱ्यापर्यंत जाऊन संपते.

एका फाट्यावर आम्ही उजवीकडची वाट धरली, कारण ती रुंद होती आणि निळ्या रेघेच्या जवळून जात होती. वाटेत एक फांदी आडवी पडलेली होती, पानांसकट. मी ती ओलांडली, भाची ओलांडली, मित्राने तर तिच्यावर पाय ठेवला. पुढे वाट हळूहळू उतरायला लागली. उतार सोपा होता म्हणून कुणी तक्रार केली नाही. वीसेक मिनिटांनी वाट बारीक झाली, मग पानांखाली गेली, मग नुसतीच पानं राहिली. मित्र म्हणाला, रेघ डावीकडे चाळीस मीटरवर आहे. चाळीस मीटर म्हणजे शहरात रस्ता ओलांडायचं अंतर. आम्ही डावीकडे कारवीत घुसलो.

चाळीस मीटर जायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली आणि तिथे पोचल्यावर रेघ आणखी तीस मीटर वर सरकली होती. गच्च झाडीत आणि घळीत फोनला उपग्रह नीट दिसत नाहीत, त्यामुळे तुमचा ठिपका इकडेतिकडे उड्या मारतो. ज्याने पाच वर्षांपूर्वी रेघ काढली त्याचा ठिपकाही तसाच उड्या मारत असणार. दोन चुकांची बेरीज करत आपण झाडीत भटकतो. हे मला आधी माहीत होतं आणि तरी मी त्या रेघेच्या मागे लागलो, कारण हातात दुसरं काही नव्हतं.

मग ओढा लागला, कोरडा. ओढ्यातून चालणं सोपं वाटतं, म्हणून उतरलो. ओढ्यातले दगड सुकलेल्या पानांनी भरलेले होते. मी ज्याला दगड समजलो ती नुसती पानं होती आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. मोडला नाही, पण गुडघा आपटला आणि बाटली गडगडत खाली गेली. तिचा आवाज ऐकत राहिलो. टण, टण, टण, मग काहीच नाही, आणि बऱ्याच वेळाने अगदी खालून एकदा टण. पुढे कडा होता. बाटलीने सांगितला म्हणून कळला, नाहीतर वीस पावलांवर तो आम्हालाच सापडला असता. घाटातल्या ओढ्याने खाली जाऊ नका, हे प्रत्येक माहितीपत्रात लिहिलेलं असतं आणि प्रत्येक जण ओढ्यानेच जातो.

बाहेर पडायला मी एका वेलीचा आधार घेतला. भाची ओरडली, “मामा, तिला हात लावू नकोस!” तोवर लावला होता. तपकिरी, मखमली, इंग्रजी एस अक्षरासारख्या वळलेल्या शेंगांचा घोस. खाजकुयली. जानेवारीत शेंगा वाळलेल्या असतात आणि त्यांची लव नुसत्या धक्क्याने उडते. पहिले पाचेक सेकंद काही होत नाही. मग मनगटापासून कोपरापर्यंत आग. हे ज्यांच्या नशिबी येईल त्यांनी हात चोळू नये, घाम पुसू नये आणि त्या हाताने तोंडाला तर अजिबात स्पर्श करू नये. भाचीने प्रथमोपचाराच्या डब्यातली चिकटपट्टी काढली, कातडीवर दाबून ओढली, नवा तुकडा घेतला, पुन्हा ओढली. आठ-दहा तुकड्यांनी बरीच लव निघाली. पाणी नंतर टाकलं. तेव्हापासून चिकटपट्टीचं रीळ माझ्या सॅकच्या वरच्या खिशात असतं, बँडेजच्याही आधी.

तिथे आम्ही बसलो. गुळपोळी खाल्ली आणि दहा मिनिटं कुणीही मतं मांडायची नाहीत असं ठरवलं. दीड वाजला होता. मित्राचं म्हणणं, गड समोरच आहे, सरळ वर चढू. वर खरोखर झाडीतून कातळाचा एक तुकडा दिसत होता. पण तो तुकडा आणि आम्ही यांच्या मधे काय आहे ते दिसत नव्हतं, आणि एकाचा गुडघा व हात कामातून गेलेला होता. शेवटी आलो त्याच वाटेने वाड्याकडे परत जायचं ठरलं. ती वाट सापडली ती दुसऱ्याच्या ट्रॅकने नाही, तर आमच्याच. निघताना भाचीने स्वतःच्या फोनात रेकॉर्डिंग सुरू केलं होतं. तोही ठिपका उड्या मारत होता, पण आपणच मोडलेली कारवीची काडी त्या ठिपक्याच्या आसपास सापडते आणि मग पुढची, मग त्यापुढची. दुसऱ्याचा ट्रॅक घ्या जरूर, पण आपला स्वतःचा पहिल्या पावलापासून रेकॉर्ड करा आणि नकाशा आधी उतरवून ठेवा. घळीत आमच्यापैकी कुणाच्याही फोनला रेंज नव्हती, धारेवर आल्यावर दोघांच्या फोनला आली.

फाट्याजवळ पोचलो तर म्हशींच्या गळ्यातल्या लाकडी लोढण्यांचा ठकठक आवाज आला. मी हाळी दिली. वरून उत्तर आलं. मग खांद्यावर घोंगडी, कमरेला आकडीत कोयता अडकवलेले बाबा झाडीतून बाहेर आले. आमचे चेहरे, माझा लाल झालेला हात आणि पँटचा फाटलेला गुडघा बघून त्यांनी फार चौकशी केली नाही. त्या आडव्या पडलेल्या फांदीकडे हात करून म्हणाले, “फांदी टाकलीवती की. दिसली न्हाई?”

आडवी फांदी म्हणजे वाट बंद. शिकेकाईची वाट होती ती, फाल्गुनात उघडते, तोवर तिकडे ढोरं वळू नयेत म्हणून बाबांनीच फांदी टाकली होती. तीन सुशिक्षित माणसं ती ओलांडून गेली. डोंगरात आडवा दगड, आडवी फांदी, दोन दगडांवर ठेवलेला तिसरा दगड, यातलं काही आपोआप पडलेलं नसतं असं समजून चालायला हरकत नाही. वादळाने पडलेली फांदी बुंध्याकडे तुटकी असते. ही कोयत्याने तिरकी कापलेली होती. घाव स्वच्छ होता, मी बघितलाच नव्हता.

हाताला लावायला त्यांनी ताजं शेण सुचवलं. मी लावलं. गार वाटलं आणि आग बरीच उतरली. औषधशास्त्र काय म्हणतं माहीत नाही, माझा हात म्हणाला बरं वाटतंय.

म्हशी नातवाच्या हवाली करून बाबा आमच्याबरोबर निघाले. अडीच तास आम्ही ज्या रानात घालवले त्याच रानातून त्यांनी आम्हाला सव्वा तासात गडाच्या कातळाखाली आणलं. ते भराभर चालत होते असंही नाही. ते थांबत नव्हते, इतकंच. वाट जवळजवळ एकाच पातळीने आडवी जाते. घळ आली की आत वळते, ओढा ओलांडते आणि पुन्हा बाहेर येते. सलग दोन-तीन मिनिटं उतरतोय असं वाटलं तर थांबा, बहुतेक चुकलेला असता. हे एकच सूत्र आम्हाला सकाळी माहीत असतं तर मी हे सगळं वेगळं लिहिलं असतं.

वाट कशी ओळखता असं विचारलं तर त्यांना प्रश्नच कळला नाही. मग चालता चालता दाखवायला लागले. झाडाच्या खोडावर कोयत्याचा घाव असतो. नवा पांढरा, गेल्या वर्षीचा तपकिरी, त्याच्या आधीचा काळा आणि कडांनी साल भरून आलेला. एकाच बाजूला काळे, तपकिरी आणि पांढरे असे तिन्ही घाव दिसले तर ती वाहती वाट. नुसते काळे दिसले तर सोडलेली. सोडलेल्या वाटा वाढत चालल्यात. वाड्यावर पूर्वी चाळीसेक म्हशी होत्या, आता अकरा. पोरं खेडला, मुंबईला. म्हशी फिरल्या नाहीत की दोन पावसाळ्यांत कारवी वाट गिळते. मित्राने रंगीत रिबिनी बांधायचं सुचवलं, पुढच्यांना बरं म्हणून. बाबा म्हणाले, “नगं. म्हशी खात्यात त्ये.” मागच्या वेळी कुणी बांधलेल्या प्लॅस्टिकच्या फिती एका पारडीच्या पोटात गेल्या होत्या. तेव्हा फिती बांधायच्याच असतील तर परतताना सोडून आणा आणि पलीकडे उतरणार असाल तर बांधूच नका.

कातळाच्या पायथ्याला लागण्याआधी बाबांनी विडी विझवली, तळव्यावर घासून खात्री केली आणि थोटूक कानावर ठेवलं. बोटाने वर दाखवलं. कड्याच्या पोटाखाली आग्या मोहोळाची पोळी लटकत होती, काळपट, टोपलीएवढी. तिथून पुढे बोलायचं नाही, अत्तर-परफ्यूम नाही, उदबत्ती नाही, शेकोटी तर विचारातही नाही. मोठे गट घोषणा देत येतात तेव्हा यांची काय अवस्था होत असेल ते मला कळलं. सुमारगडावर घोषणा देऊ नका. शिवाजी महाराजांना त्याने बरं वाटेल असं मला नाही वाटत.

वर जायला शेवटी एक छोटा कातळटप्पा आहे. तिथे लोखंडी शिडी आहे. शिडीवर चढण्याआधी दोन्ही हातांनी हलवून बघा. वर बसवलेल्या लोखंडावर दर वर्षी कोकणातला पाऊस पडतो, हे लक्षात ठेवा. आमच्याकडे पंधरा मीटरची दोरी होती. बाबा आधी चढले, अनवाणी, आणि दोरी झाडाला बांधून खाली सोडली. दोरीची गरज भाचीला पडली नाही, मला पडली. सॅका खालीच ठेवल्या, पण वानरं आहेत, खाऊ बाहेरच्या खिशात ठेवू नका.

गडमाथा लहान आहे. कंबरभर गवत, झाडी, बांधकामाच्या खुणा शोधाव्या लागतात. कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत, आणि एका गुहेत महादेवाची पिंड. गुहेत थंडगार होतं. कुणीतरी वाहिलेलं बेलाचं पान अजून हिरवट होतं, म्हणजे आठवड्याभरात कुणीतरी येऊन गेलेलं. बाबांनीच. दर सोमवारी नाही, पण जमेल तेव्हा येतात, असं त्यांनी सांगितलं. ज्या माथ्यावर पोचणं हा आमच्या लेखी पराक्रम होता तिथे हा माणूस बेल वाहायला येतो.

चार वीस झाले होते. दक्षिणेला रसाळगड, जिथून निघालो तो, आणि मधे सगळं हिरवं-करडं रान. आम्ही हरवलो ती घळ वरून बघितली. खाली कडा खरोखर होता, साठ-सत्तर फुटांचा असावा. बाटली कुठे ते काही दिसलं नाही. उत्तरेला महिपतगड, तिघांत उंच आणि सपाट माथ्याचा. मित्राला ड्रोनसारखे फोटो हवे होते, बाबांना पाचच्या आत उतरायचं होतं. पाचला उतरलो.

उतरून पलीकडच्या धनगरवाड्यात पोचेपर्यंत अंधार पडलाच. शेवटची चाळीस मिनिटं हेडटॉर्चवर. बाबांकडे टॉर्च नव्हता आणि आमच्या उजेडाने त्यांना उलट अडचण होत होती. “तो दिवा जरा खाली धरा, वाट दिसंना,” असं दोनदा म्हणाले. तिथे त्यांच्या मेव्हण्याचं घर. ओटीवर पथारी, तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि म्हशीचं ताक. जेवणाचे पैसे घेईनात. मग भाचीने घरातल्या माऊलींच्या हातात तेल-साखरेसाठी म्हणून दिले आणि ते त्यांनी घेतले. बाबांना आम्ही हजार रुपये दिले. माझ्या मते कमीच दिले, पण त्यांनी अर्धे परत करायचा प्रयत्न केला. शहरातल्या गाइडला तुम्ही दिवसाचं जे देता ते इथेही द्या. घासाघीस करू नका, आणि सुटे पैसे घेऊन जा.

दुसरा दिवस सोपा. बेलदारवाडीवरून महिपतगडावर गेलो, पारेश्वराच्या देवळाजवळ विहिरीचं पाणी प्यायलो आणि दरवाजे हुडकत पठारावर तीन तास उनात फिरलो. सहापैकी आम्हाला चार सापडले. चुन्याचा ढीग बघितला. दुपारी दहिवलीला उतरलो, तिथून जीपने खेड. भरणे नाक्यावर मिसळ. महिपतगडावर स्वतंत्र लिहावं इतका तो मोठा आहे, इथे नको.

आता जाणाऱ्यांसाठी उरलेलं. डिसेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. पावसाळ्यात कारवी ओली, कातळ शेवाळलेला, जळवा. ऑक्टोबरात गवत डोक्यावर आणि त्यात काय आहे ते दिसत नाही. मार्चपासून ऊन, आटलेलं पाणी आणि वणवे. पाणी माणशी चार लिटर घ्या, रसाळगड, वाडा आणि सुमारगडाची टाकी सोडली तर मधे भरवशाचं काही नाही. टाक्यातलं गाळून, औषध टाकून. पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट आणि लांब पँट. मित्र पहिल्या दिवशी अर्ध्या चड्डीत होता, दुसऱ्या दिवशी नव्हता. चारपेक्षा कमी आणि आठपेक्षा जास्त जाऊ नका. आम्ही तिघं होतो. एक जायबंदी झाला असता तर एकाला त्याच्याजवळ थांबावं लागलं असतं आणि मदतीला एकट्याला कारवीतून जावं लागलं असतं. ११२ लावायचा तर आधी धारेवर यावं लागतं. घरी कुणाला तरी लिहून द्या, कुठून चढणार, कुठे उतरणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी सुरू करायची. कोयता बरोबर नेऊ नका. तो चालवता येत नसेल तर कारवीआधी आपला अंगठा जातो.

आणि वाड्यावर आजी ‘बसा, च्या टाकते’ म्हणाल्या तर बसा.

गोचिडांचं सांगायचं राहिलं. गुरं चरतात त्या गवतात या दिवसांत बारीक गोचिडं असतात, मोहरीएवढी. संध्याकाळी कपडे झटका, काखा, कंबरेचा पट्टा बांधतो ती जागा, गुडघ्यांच्या मागची बाजू बघा. सापडलं तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, पिरगळू नका, रॉकेल ओतू नका. नंतर दहा-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेलो होतो हे आठवणीने सांगा. मी घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ केली, आरशात सगळीकडे बघितलं आणि निर्धास्त झालो. बुधवारी मीटिंगमधे शेजारी बसलेल्या बाई माझ्या डाव्या कानाकडे बराच वेळ बघत होत्या. शेवटी त्यांनी वहीच्या कोपऱ्यावर लिहून वही माझ्याकडे सरकवली, “तुमच्या कानामागे काहीतरी आहे आणि ते चालतंय.”